श्वासावाचूनची वस्ती

भोर-वेल्ह्याच्या खाचरात चिखलणी झाली की आपली नजर रोपांवर जाते. खरी गर्दी पायाखाली असते. पाण्याखालच्या चिखलाचा वरचा काही मिलिमीटरचा पापुद्राच काय तो हवेशी संबंध राखतो. त्याखाली प्राणवायू नाही. जीव मात्र उदंड.

प्राणवायूवाचून जगणे आपल्याला अपवाद वाटते. पृथ्वीवर तोच आधीचा रिवाज. आपण मागाहून आलो.

अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर असाच थर आहे. वरून मेलेल्या सूक्ष्म जीवांचा भुगा झरत राहतो, तो कुजवताना प्राणवायू संपतो. मग काही जिवाणू नायट्रेटवर श्वास भागवतात आणि नत्र वायू होऊन निसटतो. खुल्या समुद्रात हा उद्योग मोठ्या प्रमाणावर तीनच ठिकाणी चालतो: दोन पूर्व प्रशांतात, तिसरे आपल्या दारात.

हे काम अर्ध्यावर थांबले तर नायट्रस ऑक्साइड उरतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट ताप देतो. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तो किती साचतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवले. अर्धे काम न केलेल्या कामापेक्षा महाग पडते.

खाचरातले जिवाणू वेगळे काही करत नाहीत. फेकलेल्या युरियाचे वरच्या पापुद्र्यात नायट्रेट होते, ते खाली झिरपते आणि नत्र हवेत जातो. शेतकरी पोत्याचे पैसे भरतो, वाटा आभाळाला.

डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत यावर तोड आहे. चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी हाताने 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. तिथे प्राणवायू नाही, म्हणून नायट्रेट होत नाही. नायट्रेट नाही, म्हणून नत्र उडवणाऱ्यांना काम नाही. कुणाला मारायचे नाही, फक्त रिकामे बसवायचे. औषध फवारण्यापेक्षा ही अक्कल मला थोर वाटते. अर्थात लावणीलाच माणसे मिळत नाहीत तिथे गोळ्या कोण खोचणार, हा प्रश्न आळशाचा नव्हे.

इथला पाऊस अरबी समुद्रावरून येतो, पण पाणी तिकडे परत जात नाही. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी नीरेला मिळतात; पुढे भीमा, कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. तिथेही खोल पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला आहे, जिवाणूही हजर आहेत. तरी 2017 च्या अभ्यासात नत्र फारसा उडताना दिसला नाही. प्राणवायूचा अगदी लेश शिल्लक आहे, तेवढ्यानेच ते अडले आहे. तो लेश संपवायला शेतांतून नद्यांवाटे वाहून येणारे जादा खत सूक्ष्म जीव वाढवून हातभार लावू शकते.

तेव्हा गोळी खोचणे जमत नसेल, तर निदान पाऊस भरून आलेला असताना युरिया फेकू नका.