पोलिसाची पात्रता व एका प्रश्नाचें उत्तर

पोलीसखात्यांत चाकरी मिळावी अशी इच्छा आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ तरुणांच्या मनांत असते, आणि ती इच्छा वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. इ. स. २०२४ सालीं महाराष्ट्रांत सतरा हजारांहून अधिक जागांकरितां भरती झाली, तेव्हां सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागें सुमारें शंभर उमेदवार उभे होते. इतक्यांतून एकास निवडावयाचें तर कांहीं माप पाहिजेच. तें माप कोणतें, आणि ज्या गुणास फूटपट्टी लावतां येत नाहीं तो कसा ओळखावा, ह्या प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

प्रथम सरकारनें ठरविलेलें माप पाहूं. शिपायाच्या जागेसाठीं उमेदवार बारावीची परीक्षा उतरलेला असावा लागतो. वय अठरा वर्षांहून कमी नसावें. वरची मर्यादा खुल्या वर्गास २८ वर्षांची व मागासवर्गास ३३ वर्षांची आहे. उंची पुरुषाची १६५ व स्त्रीची १५५ सेंटिमीटर असावी. पुरुषाची छाती न फुगवितां ७९ सेंटिमीटर भरली पाहिजे, व फुगविल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. तींत पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर धांवावें लागतें. शिवाय १०० मीटरांची धांव व गोळाफेक हीं दोघांसही आहेत. जे निदान निम्मे गुण मिळवितात त्यांतून लेखी परीक्षेस बोलावणें येतें. ती १०० गुणांची असून तींत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता व मराठी व्याकरण हे विषय असतात. ज्यास एकदम फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, व्हावयाचें असेल त्यानें पदवी मिळवून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी. आणि भारतीय पोलीस सेवेंतील वरिष्ठ अधिकारी होऊं इच्छिणाऱ्या पदवीधरासाठीं संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे.

हीं सर्व मापें उघड आहेत. टेप खोटें बोलत नाहीं, व घड्याळ कोणाची भीड धरीत नाहीं. परंतु धांवणें झालें, लेखी परीक्षा झाली, यादींत नांव लागलें, म्हणजे उमेदवारापुढें एक नमुना येतो. त्यांत विचारलेलें असतें कीं, तुम्हांस कधीं अटक झाली होती काय? तुमच्यावर कधीं गुन्हा दाखल झाला होता काय? खटला चालला होता काय, व त्याचा निकाल काय लागला? हें उत्तर उमेदवारानें स्वतःच्या हातानें लिहावयाचें असतें. पुढें तें खरें कीं खोटें ह्याची चौकशी त्याच्या राहत्या गांवच्या ठाण्याकडून होते. ह्यास चारित्र्य पडताळणी म्हणतात.

आतां एक उदाहरण घेऊं. बांधावरून दोन घरांत तंटा झाला. शब्दानें शब्द वाढला, काठ्या निघाल्या, एकाचें डोकें फुटलें. ठाण्यावर फिर्याद गेली, आणि तींत मारणाऱ्याबरोबर त्याच्या सर्व भावांचीं नांवें घालण्यांत आलीं. त्यांतील धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा. पुढें गांवच्या वडीलधाऱ्यांनीं समेट घडविला, साक्षीदार फिरले, आणि कोर्टानें सर्वांस सोडून दिलें. चार वर्षांनीं तोच धाकटा भाऊ भरतींत उतरला आणि तो नमुना त्याच्या हातीं आला. त्यानें काय लिहावें?

घरचीं माणसें सांगतात, “नाहीं म्हणून लिही. प्रकरण मिटलें, कोर्टानें सोडलें, आतां तें उकरून काढण्यांत काय अर्थ? खरें लिहिलेंस तर तुझी जागा मागच्याला मिळेल.” हें बोलणें केवळ लबाडीचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत मुलाविषयींची माया आहे, आणि ज्या गरिबाच्या घरीं पहिल्यानेंच पगाराची चाकरी येत आहे त्याची भीतीही आहे. खोट्या फिर्यादी होतात, आणि भांडणांत नसलेल्यांचीं नांवें गोंवण्यांत येतात, हेंही खेड्यांत सर्वांस ठाऊक आहे. म्हणून ह्या प्रश्नाचें उत्तर घाईनें देऊं नये.

ह्याविषयीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयासही फार विचार करावा लागला आहे. इ. स. २०११ सालीं दिल्ली पोलीसदलांतील एका उमेदवाराचा दावा त्यापुढें आला. मारामारीच्या एका जुन्या खटल्यांत तो समेटानें सुटला होता, पण अर्जांत त्यानें ती गोष्ट लिहिली नव्हती. गुन्हा घडला तेव्हां तो सुमारें वीस वर्षांचा होता. न्यायालयानें म्हटलें कीं, तरुणपणीं माणसाच्या हातून अविचार घडतो; अशास जन्मभर गुन्हेगाराचा शिक्का मारूं नये. भाकरी चोरल्यामुळें जन्माचा चोर ठरलेल्या एका फ्रेंच कादंबरींतील नायकाची आठवणही त्या निकालांत दिली आहे. दोन वर्षांनीं, २०१३ सालीं, त्याच न्यायालयानें दुसरी बाजू दाखविली. साक्षीदार फिरल्यामुळें किंवा समेटामुळें कोणी सुटला, तर तेवढ्यानें त्याचें चारित्र्य निर्मळ ठरत नाहीं. आणि पोलीसदलांत येणारा मनुष्य निष्कलंक असावा अशी अपेक्षा धरण्याचा खात्यास अधिकार आहे, असा तो निकाल होता. शेवटीं २०१६ सालीं तीन न्यायाधीशांनीं नियम एकत्र करून सांगितले. उमेदवारानें दिलेली माहिती खरी असली पाहिजे. जें स्पष्ट विचारलें आहे तेंच सांगण्यास तो बांधलेला आहे. जें विचारलें नाहीं तें न सांगणें हा दोष नव्हे. लपविलेली गोष्ट क्षुल्लक असेल तर खातें ती पोटांत घालूं शकतें. आणि ज्यानें सर्व खरें सांगितलें त्याचाही पूर्वेतिहास तपासण्याची मोकळीक खात्यास आहे. खरें सांगितलें एवढ्यावरून त्यास नेमलेंच पाहिजे असें नाहीं.

शेवटचा हा नियम वाचून मनास चटका बसतो. खरें बोलणाऱ्याचीही जागा जाऊं शकते! मग खरें कां बोलावें? वाचकहो, प्रश्नाचें मूळ येथें आहे, आणि जागा मिळेल कीं नाहीं एवढाच हिशेब करीत बसलों तर तें आपल्या हातीं लागणार नाहीं. शिपायाचें काम काय हें प्रथम ध्यानांत आणिलें पाहिजे.

शिपाई होणें म्हणजे गणवेश व पगार मिळणें एवढेंच नव्हे. ज्या देशांत कोणी कोणाच्या अंगास हात लावूं नये असा कायदा आहे, तेथें कांहीं गुन्ह्यांत वॉरंटावांचून दुसऱ्यास धरण्याची सत्ता त्याला मिळते. धरलेल्या माणसास चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें असें राज्यघटनेचें बाविसावें कलम सांगतें; परंतु त्या चोवीस तासांत चौकीच्या दाराआड काय घडलें हें बहुधा पोलीसच लिहितो. फिर्याद पोलीस लिहितो, साक्षीदाराचा जबाब पोलीस लिहितो, पंचनामा पोलीस लिहितो. ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेप्रमाणें झडती व जप्ती ह्यांचें ध्वनिचित्रण करावें लागतें, हें चांगलेंच झालें. तरी ज्या विधवेस लिहितां-वाचतां येत नाहीं, तिनें सांगितलेलें कागदावर जसेंच्या तसें उतरलें कीं नाहीं, हें शेवटीं लिहिणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहतें. तिचें सर्व भवितव्य त्या चार ओळींत असतें.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, भरतीच्या वेळचा तो नमुना हा पोलिसाचा पहिला पंचनामा आहे, आणि तो त्यानें स्वतःविषयीं करावयाचा आहे. स्वतःच्या लाभाकरितां ज्यानें कागदावर खोटें लिहिलें, त्याला एक धडा मिळाला: कागद आपणांस सोईचा होईल तसा लिहितां येतो. तोच धडा तो पुढें दुसऱ्याच्या कागदांत वापरणार नाहीं असें कोण सांगेल? आणि ज्यानें तोटा होण्याचा संभव असूनही खरें लिहिलें, त्याची लायकी कोणत्याही गोळाफेकीनें सिद्ध झाली नसती इतकी त्या एका ओळीनें सिद्ध झाली.

दुसरेंही एक कारण आहे. खेड्यांत कोणतीही गोष्ट गुप्त राहत नाहीं. ज्यानें लपविलें त्याचें गुपित भावकीस ठाऊक असतें, शेजाऱ्यास ठाऊक असतें, आणि ज्याच्याशीं भांडण झालें त्यास तर नक्कीच ठाऊक असतें. उद्यां त्यांतील एखादा दारू गाळतांना सांपडला, किंवा सुनेस मारतांना सांपडला, तर तो शिपायाच्या कानाशीं लागून एवढेंच म्हणेल, “दादा, तुमच्या त्या जुन्या प्रकरणाविषयीं आम्ही कधीं बोललों नाहीं.” मग त्या शिपायाची काठी उचलेल काय? ज्याच्या हातीं तुमचें गुपित, त्याच्या हातीं तुमची काठी. महाराष्ट्र पोलिसांचें ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असें आहे. सज्जनांचें रक्षण व दुष्टांचा निग्रह असा त्याचा अर्थ. जो स्वतः बांधला गेला आहे त्याच्यानें दुष्टाचा निग्रह व्हावयाचा नाहीं.

कोणी म्हणेल, “ज्यांच्यावर कधीं गुन्हा नोंदला गेला नाहीं ते सर्व सज्जन आहेत काय?” मुळींच नाहींत. ज्याच्या नांवावर ठाण्यांत एक ओळही नाहीं असा मनुष्य लांचखाऊ निघूं शकतो, गरिबास शिवी देणारा व धनवानास खुर्ची देणारा निघूं शकतो. कोरा कागद ही चांगुलपणाची साक्ष नव्हे, आणि डाग पडलेला कागद ही दुष्टपणाची साक्ष नव्हे. म्हणूनच भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांचेंही कर्तव्य मोठें आहे. एकोणिसाव्या वर्षीं बांधावर झालेली झोंबाझोंबी व दुबळ्यावर जाणूनबुजून केलेला अत्याचार ह्यांस त्यांनीं एका तराजूंत तोलूं नये. जो आपण होऊन खरें सांगतो त्याचें खरेपण त्यांनीं पारड्यांत घालावें. नाहीं तर सरकारच तरुणांस खोटें शिकवील.

आतां आपणां गांवकऱ्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट, तरुणांनीं नमुन्यांतील प्रत्येक प्रश्न सावकाश वाचावा. अटक, गुन्हा, खटला व शिक्षा ह्या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. जें विचारलें असेल त्याचें नेमकें उत्तर द्यावें, आणि कोर्टाच्या निकालाची नक्कल जवळ ठेवून ती जोडावी. दुसरी गोष्ट, आईबापांनीं व मंडळींतील वडिलांनीं मुलास खोटें लिहिण्याची सल्ला देऊं नये. ज्यांना गांवांत अक्षरज्ञानामुळें मान आहे व ज्यांच्याकडे लोक वर्तणुकीचा दाखला मागावयास येतात, त्यांनीं तर विशेष जपावें. दाखल्यांत आपणांस ठाऊक असेल तेवढेंच लिहावें. पण मुलगा सुधारला असेल, तर तेंही धैर्यानें लिहावें. तिसरी गोष्ट, रागाच्या भरांत फिर्यादींत निरपराध्याचें नांव घालूं नये. एका खोट्या नांवानें एका घराची दहा वर्षांची मेहनत मातींत जाते, हें पाप लहान नाहीं.

आणि खरें लिहूनही ज्याची जागा गेली, त्याला काय सांगावें? त्याला फुकट समाधान देऊं नये. त्याचा तोटा खरा आहे. पण गांवानें त्याला मूर्ख म्हणून हंसूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे. ज्या गांवांत खरें बोलून हरलेल्याचा मान राहतो, त्या गांवांतूनच पुढें असे पोलीस निघतील कीं ज्यांच्या चौकीची पायरी चढतांना गरिबाचे पाय कांपणार नाहींत.