अंदाजपंचे दाहोदर्से इथे चालायचं नाही

बसा. हेडफोन काढून ठेवा. आज डिक्टेशन नाही. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. मधे कुणीही 'पण मॅडम' म्हणायचं नाही.

शनिवारी दिलेली डिस्चार्ज समरी तपासून झाली. डॉक्टर भरभर बोलणारे, उच्चार कानाला नवखे, मागे मशीनचा आवाज. फाइल अवघड होती, मान्य. पण अवघड जागी चुकलात म्हणून मी चिडलेली नाही. डॉक्टर स्वच्छ म्हणतात, 'नो नोन ड्रग ॲलर्जीज'. रुग्णाला कुठल्या औषधाची ॲलर्जी असल्याचं आढळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्यातल्या काहींनी लिहिलंय, 'नोन ड्रग ॲलर्जीज'. अर्थ बरोब्बर उलटा. का, असं विचारलं तर उत्तर आलं, 'मॅडम, नोन-नोन असं दोनदा ऐकू आलं. डॉक्टर अडखळले असतील, म्हणून एक काढलं.'

तुला कुणी सांगितलं काढायला? डॉक्टर अडखळले हे तू ठरवलंस. फाइल मागे घेऊन परत ऐकली नाहीस, वेग कमी करून ऐकली नाहीस, शेजारणीला ऐकवली नाहीस. पायाखालचं पेडल दहा वेळा दाबलं तर दहा वेळा तेच वाक्य ऐकू येतं, ते त्यासाठीच दिलंय. तू मात्र अंदाज बांधलास आणि पुढे गेलीस. तुझी चूक ऐकण्यात झालेली नाही, तुझ्या सवयीत आहे, आणि मला राग आहे तो त्या सवयीचा.

या सवयीनं माणूस मरतं. मी वाढवून सांगत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एक मधुमेही बाई दवाखान्यातून सुटून पुनर्वसन केंद्रात गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लेव्हेमिर इन्सुलिन ८ युनिट. टाइप होऊन आलेल्या कागदावर होतं ८० युनिट. केंद्रात कागद बघून तेवढंच इन्सुलिन दिलं गेलं. बाई गेली. आणि ते टायपिंग झालं होतं आपल्या भारतात. २०१२ च्या डिसेंबरात तिथल्या ज्युरीनं १४ कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला. पैसे कुणी भरले, किती भरले, ते वकील बघतील. तुम्ही एवढंच डोळ्यासमोर आणा, की कुठल्या तरी खोलीत हेडफोन लावून बसलेल्या कुणाच्या तरी हातून एक शून्य जास्त पडलं.

म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसतं इंग्रजी यू नाही, हे मी पहिल्या आठवड्यात घोकून घेतलं होतं. तो यू घाईत शून्यासारखा वाचला जातो. ५ मिलिग्रॅम असेल तर ५ च लिहायचं, ५.० नाही, कारण टिंब दिसलं नाही की पन्नास होतात. आणि अर्ध्याला ०.५ लिहायचं, आधीचं शून्य गाळायचं नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ साली काय लिहायचं नाही याची यादीच काढली. ती मी तुम्हाला भिंतीवर लावून दिली आहे. शनिवारच्या फायलीत तरीही ५.० आलंय, आणि तेही भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याच्या फायलीत.

कळलं नाही तर काय करायचं? जागा मोकळी सोडायची. ब्लँक सोडायचा आणि फायलीतली वेळ लिहायची, अमुक मिनिट, अमुक सेकंद. वर तपासणारा माणूस असतो, तो ऐकेल. त्यालाही कळलं नाही तर डॉक्टरांना विचारलं जाईल. ब्लँक सोडायला तुम्हाला लाज वाटते, हे मला कळतंय. शाळेत सगळे प्रश्न सोडवा, उत्तर येवो न येवो काहीतरी लिहा, अर्धा मार्क तरी मिळेल, असं आम्ही शिक्षकांनीच तुमच्या डोक्यात भरलं. इथे ते डोक्यातून काढा. रुग्णाच्या कागदावर अर्धा मार्क नसतो.

दुसरी गोष्ट. 'माझी टायपिंगची परीक्षा झालीय, इंग्रजी ४०' हे मला पुन्हा ऐकवू नका. झाली, चांगलं झालं, बोटं तयार आहेत. पण या कामात टायपिंग सगळ्यात सोपं. इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि इलियम म्हणजे कमरेचं हाड. स्पेलिंग वेगळं, कानाला दोन्ही सारखेच. मग कसं ओळखणार? वाक्य आतड्याचं चाललंय की हाडाचं, एवढं कळलं तरच. डिस्फेजियात गिळायला त्रास होतो, डिस्फेझियात बोलणं बिघडतं. सेलेब्रेक्स सांधेदुखीचं औषध, सेलेक्सा नैराश्याचं. हे बोटांना माहीत नसतं, डोक्यात असावं लागतं. शरीररचना आणि औषधांची नावं रोज वाचा म्हटलं की तुम्ही माना डोलावता, आणि त्यासाठीच्या वहीची पानं कोरीच्या कोरी राहतात. एकेका ओळीवर पैसे मिळतात, ६५ अक्षरांची एक ओळ धरतात, म्हणून जो भरभर हाणतो तो जास्त कमावतो असं तुम्हाला वाटतं. तपासणीत अचूकता ९८ टक्क्यांच्या खाली गेली की ती ओळ तुमच्या पदरात पडत नाही, हे लक्षात ठेवा.

आता, ज्यानं तुमची झोप उडाली आहे त्या मशीनबद्दल. १९९० च्या दशकात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचा हा धंदा भारतात आला. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी संध्याकाळी बोलायचं, बंगळूर-हैदराबाद-मुंबईत आपल्या दिवसभरात ते टाइप व्हायचं आणि त्यांची सकाळ होते तोवर कागद टेबलावर. तो काळ गेला. आवाज ओळखून मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर आलं. त्यातलं ड्रॅगन बनवणारी न्युआन्स कंपनी मायक्रोसॉफ्टनं २०२२ साली घेऊन टाकली. कोऱ्या पानावर टाइप करायचं काम आता कमी आहे आणि आणखी कमी होणार. फी घेताना मी हे तुमच्या आईवडिलांसमोर सांगितलं होतं. उरलेलं काम आहे मशीननं लिहिलेलं ऐकून दुरुस्त करायचं. आणि ते जास्त अवघड आहे. मशीन ब्लँक सोडत नाही. ते अंदाज बांधतं, आणि चुकीचं वाक्यही इतकं नीटनेटकं लिहितं की डोळा फसतो. तुम्हीही अंदाजच बांधणार असाल, तर तुम्हाला पगार कशाचा द्यायचा?

हीच अंदाजाची सवय तुम्हाला क्लासच्या बाहेरही बुडवते. तुमच्यातल्या एकीनं कुठल्याशा जाहिरातीवर विश्वास ठेवून 'नोंदणी फी' भरली. 'घरबसल्या मेडिकल टायपिंग, परीक्षा नाही, रोज पैसे.' ना पत्ता पाहिला, ना करार वाचला, ना मला विचारलं, ना घरी. पुढे अचूकता कमी भरली म्हणून दंड भरा नाहीतर कोर्टात खेचू, असे फोन. पोरगी आठ दिवस जेवली नाही नीट. बाळा, तुझा राग नाही, पण तू गप्प बसलीस याचा आहे. नीट ऐका. काम देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. नोंदणी, अनामत, सॉफ्टवेअरची फी, काही नाव दिलं तरी नाही. आणि एवढं करून फसलात तर १९३० वर त्याच दिवशी फोन करायचा. तो सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. नोटिसा छापणाऱ्या चोराला घाबरून घरात बसायचं नाही.

'घरबसल्या' या शब्दानं तुमचं डोकं फिरवलंय. घरून काम म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजत, मांडीवर पोर घेऊन, मधे मधे रील बघत केलेलं काम नाही. दार लावलेली खोली पाहिजे, वीज गेली तर इन्व्हर्टर पाहिजे, ठरलेल्या तासात फाइल परत गेलीच पाहिजे, मग बाहेर लग्नाची वरात असो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा अमेरिकेचा हिपा कायदा १९९६ चा आहे, आणि काम तिकडचं घेतलं की करारानं तो तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. मागच्या महिन्यात एकानं स्क्रीनचा फोटो स्टेटसला ठेवला, 'हार्ड वर्क' असं लिहून. ती सरावाची फाइल होती म्हणून मी फक्त रागावले. खरी असती तर त्या दिवशीच काम गेलं असतं.

ज्यांची लग्नं झाली आहेत, त्यांच्या घरच्यांनाही मी बोलणार आहे, आणि बोलवायला लाजू नका. 'घरीच तर असते, तेवढ्यात पाहुण्यांचा चहा टाकेल' म्हणणाऱ्या घरात हे काम होत नाही. इंजेक्शनची मात्रा कानात चालू असताना दार वाजलं, उठलं, परत आलं, आणि आठाचे ऐंशी झाले. सासूबाईंना हे उदाहरण मी स्वतः सांगेन. त्यांना कळतं. आपणच त्यांना कधी नीट सांगत नाही.

आणि शेवटचं. नोकरी मिळत नाही म्हणता. किती ठिकाणी गेलात? मोबाइलवर अर्ज पाठवला आणि उत्तराची वाट बघत बसलात. घरून काम देणारी कंपनी आधी अनुभव विचारते, आणि तुमच्याकडे तोच नाही. अनुभव कुठे मिळतो? इस्लामपुरातून एसटीनं सकाळी निघालात तर मिरजेला जाऊन संध्याकाळी घरी येता. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे दवाखाना काढला, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, आणि महाराष्ट्र-कर्नाटकातले पेशंट मिरजेला येतात. तिथे, सांगलीत, कराडात सीटी, एमआरआय, सोनोग्राफीची सेंटरं आहेत, पॅथॉलॉजी लॅब आहेत. तिथे डॉक्टर शेजारी उभं राहून रिपोर्ट सांगतात आणि कुणीतरी तो टाइप करतं. शब्द अडला तर तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारता येतं. शिकायला याच्याहून चांगली जागा नाही. तुम्ही म्हणता, 'सेंटरवर? रोज ये-जा? पगार किती कमी.' वडिलांनी उसाच्या बिलातून फी भरली, तेव्हा त्यांनी कमी-जास्त पाहिलं नाही.

येत्या आठ दिवसांत प्रत्येकानं निदान तीन सेंटरांवर स्वतः जायचं. एकपानी बायोडाटा न्यायचा, स्पेलिंग माझ्याकडून तपासून. टाइप करून दाखवा म्हणाले तर बसायचं आणि कळलं नाही तिथे 'सर, हा शब्द परत सांगाल का' असं विचारायचं. पगार विचारा, त्यात लाज नाही. फक्त 'घरून मिळेल का' हा प्रश्न पहिलं वर्षभर तोंडातून काढायचा नाही.