प्रामाण्य आणि परवाना

एखाद्याला एखादे काम खरोखर येते हे कशावरून मानावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी प्रामाण्याच्या, म्हणजे ज्ञान यथार्थ असण्याच्या, चर्चेत बारकाईने हाताळला आहे. आणि विजेचे काम करणाऱ्यांच्या पात्रतेचे नियम जसजसे बदलत आहेत, तसतसा तोच प्रश्न कायद्याच्या भाषेत पुन्हा पुढे येत आहे. भारतीय वीज नियम, 1956 मधील 45व्या नियमाने संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या थेट देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराच्या हातून व्हावे असे ठरवले होते, मात्र दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी कामे त्यातून वगळली होती. विद्युत कायदा, 2003 नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये आणि त्यानंतर 2023 मध्ये सुरक्षेचे विनियम केले, तेव्हाही परवान्याचे तत्त्व कायम राहिले.

ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातच असते की बाहेरून सिद्ध करावे लागते, याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांच्यात दीर्घ वाद झाला. मीमांसक कुमारिल भट्टांच्या स्वतःप्रामाण्यवादानुसार ज्ञान उत्पन्न होताच प्रमाण ठरते आणि नंतर बाधक ज्ञान झाले, किंवा ज्या कारणांनी ते उत्पन्न झाले त्यांतील दोष कळला, तरच ते अप्रमाण मानायचे असते. न्यायदर्शनाचा परतःप्रामाण्यवाद याउलट असे मानतो की ज्ञानानुसार कृती केली आणि ती सफल झाली, म्हणजे पाणी समजून जवळ गेल्यावर तहान भागली, की त्या सफलतेवरून प्रामाण्याचे अनुमान होते. वर्षानुवर्षे काम केलेला आणि कधी तक्रार न आलेला परवाना नसलेला वायरमन स्वतःच्या बाजूने जे सांगतो, त्यात या दोन्ही मतांची छाया आहे: त्याचे ज्ञान अद्याप कोणी बाधित केलेले नाही आणि त्याने जोडलेला प्रत्येक दिवा लागला आहे.

विजेच्या बाबतीत मात्र सफलतेची ही कसोटी अपुरी पडते, कारण येथे दिसणारे फळ आणि अपेक्षित फळ वेगळे असते. अर्थिंगची तार जोडलीच नसली तरी धुलाईयंत्र फिरते. शून्य तार आणि अर्थिंग चुकीच्या जागी एकत्र केल्यामुळे गळतीप्रवाह ओळखणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, वारंवार ट्रिप होत असेल, तर ते काढून टाकल्यावर घर पूर्वीपेक्षा सुरळीत चालल्यासारखे वाटते. घरगुती वापरासाठी 30 मिलिॲम्पिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणाऱ्या या उपकरणाचे खरे फळ न घडलेल्या अपघातात असते आणि न घडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. वसईची खाडी आणि मिठागरे यांच्या सान्निध्यातील नायगावात ही अडचण अधिक गंभीर होते, कारण खारट ओलसर जमिनीत विद्युतरोध कमी असल्याने नवे अर्थिंग सुरुवातीला उत्तम मोजमाप देते, तर त्याच खारेपणामुळे लोखंडी इलेक्ट्रोड आणि जोड हळूहळू गंजून निकामी होतात. शिवाय चुकीचा परिणाम काम करणाऱ्यापेक्षा नायगावच्या जूचंद्र गावातील जुन्या घरात किंवा नायगाव पूर्वेच्या उंच इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला भोगावा लागतो. म्हणून स्वतःच्या कौशल्याविषयी कर्त्याची खात्री, ती कितीही प्रामाणिक असली, तरी तिऱ्हाइताला पुरेशी ठरत नाही.

अशा स्थितीत प्रमाणपत्र काय करते, हे न्यायदर्शनातील वाचस्पती मिश्रांच्या एका विचारावरून समजते: कृती करण्यापूर्वीच प्रामाण्य ठरवायचे असेल, तर पूर्वी सफल ठरलेल्या ज्ञानाच्या जातीचेच हे ज्ञान आहे, या तज्जातीयत्वावरून अनुमान करता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम आणि त्यानंतरची परीक्षा असेच अनुमान उपलब्ध करून देतात. परंतु अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अव्यभिचारी साहचर्यावर, अवलंबून असते आणि त्या साहचर्यामागे एखादी उपाधी, म्हणजे लक्षात न आलेली अट, दडलेली असेल तर ते फसते. जेथे अग्नी तेथे धूर हे विधान ओल्या इंधनाची अट विसरल्यामुळे फसते, हे न्यायग्रंथांतील प्रसिद्ध उदाहरण आहे. परवान्यामागील उपाधी अशी की, काम परीक्षेच्या वेळी होते त्याच जातीचे राहिले पाहिजे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यामुळे छतांवर सौरपट्ट्या येत आहेत. त्यांतील प्रवाह एकदिश असतो, मुख्य स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पट्ट्यांत विद्युतदाब राहतो आणि 50 हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह जसा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो तसा हा येत नसल्याने त्याची ठिणगी सहज विझत नाही. जुना परवाना खोटा ठरत नाही, पण या कामापुरते त्यावरून केलेले अनुमान ढिले पडते. नव्या प्रशिक्षणाची मागणी यासाठीच समर्थनीय आहे.

तथापि, पात्रतेच्या अटीचा बहिष्काराकडे झुकण्याचा इतिहासही विसरता येत नाही. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कोणाला, या चर्चेत इच्छा आणि सामर्थ्य यांचा विचार होतो, बादरी हे आचार्य तो सर्वांना असल्याचे म्हणतात आणि तरीही सिद्धान्त तीन वर्णांपाशीच थांबतो. याउलट, आप्त, म्हणजे विश्वासार्ह सांगणारा, कोण हे ठरवताना न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी प्रत्यक्ष ज्ञान आणि ते यथातथ्य सांगण्याची इच्छा एवढेच लक्षण पुरेसे मानून ते ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना समानपणे लागू केले. पहिल्या मार्गाने गेलेली परवानापद्धती शुल्क, बुडालेली रोजंदारी आणि शालेय दाखला यांच्या आधारे कुशल हातांना बाहेर ठेवते. दुसऱ्या मार्गाची पद्धती काम कोठे शिकले हे न विचारता मीटर हाती देऊन अर्थिंगचा रोध मोजून दाखवायला सांगते. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत असलेली, पूर्वी अनुभवातून मिळवलेल्या कौशल्याच्या मान्यतेची तरतूद या दुसऱ्या मार्गाची आहे; मात्र तेथील प्रमाणपत्र कौशल्याची साक्ष देते, विजेच्या कामाचा कायदेशीर परवाना देत नाही.

म्हणून पात्रतेची नवी अट न्याय्य ठरण्यासाठी तिने दोन प्रश्नांना उत्तर दिले पाहिजे: ती बदललेल्या कामातील प्रत्यक्ष धोका तपासते काय, आणि ज्याला काम येते त्याला, ते तो कोठेही शिकलेला असो, परीक्षेला बसण्याची खरी संधी देते काय. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर परवाना हा केवळ कागद राहतो आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल तर तो मक्तेदारीचे साधन होतो.