परक्याचे दार

प्रवासात रंगीत दारेखिडक्यांची छायाचित्रे टिपण्याचा मला नाद आहे. पणजीच्या फोंताइन्हास भागातील खिडक्यांपासून देशावरच्या वाड्यांच्या दिंडीदरवाजांपर्यंत पुष्कळ संग्रह जमला आहे. त्यात काही गैर असेल, अशी शंकाही मला कधी आली नव्हती. ती आली माण गावात.

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीचा तिसरा टप्पा याच गावाच्या हद्दीत आला आहे. त्या काचेच्या इमारतींकडे पाठ करून मी गावठाणात शिरलो. एका गल्लीत निळे दार दिसले. रंगाचे पोपडे सुटले होते आणि खालचा जुना हिरवा डोकावत होता. मी छायाचित्र घेतले, तोच दार उघडले व एक वृद्ध बाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"काय घेताय?"

"दाराचा फोटो, आजी. रंग फार सुंदर आहे."

"कसला सुंदर! पाच वर्सं झाली, रंग द्यायचा राहिलाय."

मी खजील झालो. मला ज्यात शोभा दिसली, ती त्यांची अडचण होती.

कोणी म्हणेल, दार रस्त्याकडे तोंड करून असते. ते पाहायला परवानगी कशाला? अंगणातली रांगोळी काय फक्त घरच्यांसाठी असते? हे खरेच आहे. पण रांगोळी पाहणारा पाहतो आणि पुढे जातो; छायाचित्र घेणारा काहीतरी बरोबर नेतो. फोंताइन्हासमध्ये काही रहिवाशांनी 'छायाचित्रे काढू नका' अशा पाट्या लावल्या आहेत, त्या सौंदर्याच्या वैरापोटी खास नव्हेत. घराचा देखावा झाला की घरात राहणाऱ्याला तिथे राहणे जड जाते.

घरी येऊन संग्रह चाळला. जवळजवळ सगळी दारे बंद होती. उघड्या दारात माणूस असतो आणि माणूस विचारतो. म्हणूनच मला बंद दारे आवडत आली असावीत.

मग हा नाद सोडावा काय? तसेही मला वाटत नाही. याच मुळशी तालुक्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तरीही धरण झाले आणि घरेदारे पाण्याखाली गेली. त्या दारांची चित्रे आज कोणापाशी असती, तर ती केवळ शोभेची ठरली नसती. मात्र दार कोणाचे, हे ठाऊक असेल तरच चित्र साक्ष देते. एरवी तो नुसता रंगाचा तुकडा.

आजींना मी नाव विचारले आणि छायाचित्र ठेवू का, असेही विचारले. त्या म्हणाल्या, "ठेवा. पण दिवाळीला रंग देनार हाय. तवा परत या नि त्योबी काढा."

यंदा जायचे आहे. नवा रंग कदाचित मला आवडणार नाही. तरी छायाचित्र काढीन, आणि एक प्रत त्यांना देईन.