पावती कोणाच्या हाती?

पैसे आधी की माल आधी, हा प्रश्न समोरासमोरच्या दुकानात उठतच नाही. गिऱ्हाईक माळ हातात घेतं, मणी बोटांनी चाचपतं आणि दुसऱ्या हाताने नोट पुढे करतं. देणं-घेणं एकाच क्षणी होतं, म्हणून कोणावर विश्वास टाकायची वेळच येत नाही. मध्ये अंतर पडलं की मात्र कोणाला तरी आधी हात सैल करावा लागतो. नाशिकच्या एखाद्या बाईंनी आधी पैसे पाठवायचे, की पंढरपुराहून मी आधी माळ पाठवायची? जो आधी देतो, तो मधल्या काळात दुसऱ्याच्या भरवशावर असतो. वेबसाइटवर पैसे घ्यायची पद्धत निवडायची, म्हणजे हा मधला काळ कोणाच्या डोक्यावर ठेवायचा ते ठरवायचं. आमच्या घरात हा प्रश्न हिशेबाचा म्हणून आला. मला तो धर्माचा वाटला.

प्रदक्षिणा मार्गावर आमचं दुकान आहे. तुळशीच्या माळा, बुक्का, गोपीचंदन, टाळ, हरिपाठाची पुस्तकं. मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो आणि वडिलांच्या मागे गादीवर बसलो. त्या पदवीचा गल्ल्यावर कधी उपयोग होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही. पुतणी सोलापूरला कॉम्प्युटर शिकली आणि तिने दुकानाची वेबसाइट केली. ज्यांचं वारीला येणं होत नाही, गुडघे धरलेत किंवा नोकरी बंगळूरला आहे, ते घरबसल्या माळ मागवतील हा तिचा होरा. फोटो चढले, भाव चढले आणि एका जागी घोडं अडलं. “काका, पैसे कसे घ्यायचे ते तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. “बाकीचं मी बघते.”

वडिलांच्या काळात या प्रश्नाला गळ्यातली माळ हेच उत्तर होतं. दिंडीने आषाढीला टाळ उधार न्यावेत आणि कार्तिकीला पैसे द्यावेत, असा रिवाज. वहीत गावाचं नाव आणि आकडा, सही नाही की अंगठा नाही. माळकऱ्याची उधारी बुडत नाही, असं वडील म्हणत. आज कोणी हे सांगितलं की लोक हळहळतात, काय तो काळ, काय ती माणसं. मला त्या हळहळीत अर्धंच सत्य दिसतं. माळकऱ्याच्या मागे त्याचं गाव, त्याचा फड आणि माळ घालणारे महाराज उभे असत. दिंडी पुढच्या वर्षी याच रस्त्याने, याच दुकानावरून जाणार होती. शब्द पाळला नाही तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. विश्वास होताच, पण तो हवेत लोंबकळत नव्हता, त्याला खालून टेकू होता. परगावच्यांसाठी टपालखात्याचा टेकू होता. १८७७ सालापासून आपल्याकडे व्ही.पी.ची सोय होती. पार्सल दारात आल्यावर पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे, ते पुढे विकणाऱ्याला मिळायचे. मराठी पुस्तकं आणि पंचांगं कितीतरी घरांत अशीच पोचली. म्हणजे अनोळखी माणसांमध्ये तिसरा कोणी तरी पूर्वीपासून उभा आहेच. आता प्रश्न एवढाच, की तो तिसरा कोण असावा.

पुतणीने तीन वाटा मांडल्या. पहिली बिनखर्चाची. साइटवर दुकानाचा क्यूआर कोड टाकायचा, गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे पाठवायचे आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर टाकायचा. यूपीआय २०१६ साली आलं, आणि १ जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, लागत नाही. रुपयाचा रुपया खात्यात. दुसरी वाट कॅश ऑन डिलिव्हरीची, म्हणजे जुन्या व्ही.पी.ची नात. तिसरी पेमेंट गेटवेची. मधली कंपनी कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग सगळं घेते आणि आपला वाटा कापून उरलेलं आपल्या खात्यात टाकते. तिने कागदावर हिशेब करून दाखवला. ५०० रुपयांची माळ, २ टक्के शुल्क म्हणजे १० रुपये, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ रुपया ८० पैसे. ११ रुपये ८० पैसे कोणालातरी द्यायचे, फक्त मध्ये उभं राहिल्याबद्दल.

शेजारच्या दुकानदाराचं मत ठाम होतं. “क्यूआर टाका आणि मोकळे व्हा. देवाच्या दारात बसून दलाल कशाला हवा?” बोलणं ऐकायला गोड होतं. पण त्या पद्धतीत गिऱ्हाइकाची काय स्थिती होते ते पाहू. पैसे थेट माझ्या खात्यात आले, मी अजून माळ पेटीत भरलेलीही नाही. त्या बाईंकडे उरला एक स्क्रीनशॉट. मी म्हणालो, ऑर्डर दिसत नाही, तर त्यांनी कोणाकडे जायचं? आणि कोणी खोटा स्क्रीनशॉट पाठवला, तर ऐन आषाढीच्या गर्दीत मी खातं उघडून एकेक रक्कम ताडून पाहणार आहे का? दलाल नको म्हणताना आपण हे विसरतो, की दलाल गेला तरी जोखीम जात नाही. ती मुकाट्याने दोघांपैकी दुबळ्याच्या पदरात पडते. इथे दुबळं गिऱ्हाईक. त्याला माझं दुकान माहीत नाही, गल्ली माहीत नाही, माझं तोंड माहीत नाही.

संतांच्या कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो, पण त्यात पैशाची देवघेव किती आहे हे या वादाच्या निमित्ताने नव्याने लक्षात आलं. महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त नरसी मेहतांची हुंडी आहे. यात्रेकरू रोकड घेऊन द्वारकेला जायला भीत होते, म्हणून त्यांनी नरसींकडे ७०० रुपये दिले आणि हुंडी मागितली. नरसींनी ती शामळशा शेठच्या नावाने लिहिली. द्वारकेत त्या नावाचा सावकारच नव्हता. शेवटी देवच सावकार होऊन आला आणि त्याने हुंडी वटवली. भक्तीच्या अंगाने कथा अपूर्व आहे. दुकानदाराच्या अंगाने ऐकली तर पोटात गोळा येतो, कारण चमत्कार झाला नसता तर परक्या गावात उघडे पडले असते ते यात्रेकरू.

दुसरी कथा आमच्या शेजारच्या मंगळवेढ्याची. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली. त्यांच्या अंगावर शिक्षा आली, तेव्हा विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची रक्कम भरली आणि पावती घेतली. कीर्तनकार देवाच्या धावून जाण्यावर रंगतात, ते योग्यच. मी अलीकडे पावतीवर थांबतो. देवाला पावती कशाला हवी? त्याचा बादशहावर अविश्वास होता म्हणून? त्याला स्वतःसाठी ती नकोच होती. ती दामाजींसाठी होती, कारण दरबारापुढे दामाजी एकटे होते आणि उद्या कोणी नाकबूल केलं असतं तर त्यांच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. सत्तेपुढे उभ्या असलेल्या माणसाला कागदाचा आधार मिळावा, ही त्या पावतीमागची करुणा.

आणि तिसरी कथा बरोबर उलट दिशेने जाते. तुकोबांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते, की त्यांनी भावाबरोबर कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. विठोबा कागद घेतो, तुकोबा कागद बुडवतात. वरवर पाहता दोघांचं जुळत नाही. पण कागद कोणाच्या हातात होता ते पाहिलं की दोन्ही कृती एकच गोष्ट सांगतात. खतं सावकाराच्या हाती होती, ती नदीत गेली. पावती आरोपीच्या बाजूने हवी होती, ती मिळवून दिली. पुरावा दुबळ्याच्या हाती असावा आणि बळ असणाऱ्याने आपला पुरावा सोडायची तयारी ठेवावी, असा न्याय मला या दोन कथांमधून मिळतो. हा अर्थ कुठल्या ग्रंथात लिहिला आहे असा माझा दावा नाही, माझ्यापुरता तो उगवला.

या न्यायाने तीन वाटा तोलल्या, तेव्हा ११ रुपये ८० पैशांचा अर्थ बदलला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मधल्या कंपनीला आलेले पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, आपल्या धंद्याला वापरता येत नाहीत. नारदस्मृतीत वादांची अठरा प्रकरणं सांगितली आहेत. त्यात पहिलं कर्जाचं आणि लगेच दुसरं ठेवीचं. दुसऱ्याने सोपवलेलं आपलं मानू नये, हा विचार इतका जुना आहे. पुढे पाहिलं तर १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवूनच ठेवता येत नाही. पैसे कापले गेले पण दुकानाला खूण पोचली नाही, तर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. माल आलाच नाही तर कार्डवाल्याला आपल्या बँकेकडे दाद मागता येते आणि रक्कम माझ्याकडून परत ओढली जाऊ शकते. यातली एकेक गोष्ट माझ्या सोयीची नाही. ती नाशिकच्या बाईंच्या बाजूची आहे, आणि म्हणूनच तिचे पैसे मी द्यायला हवेत. शुल्क माळेच्या भावावर वेगळं चढवायचं नाही, हे तिथेच ठरलं.

कॅश ऑन डिलिव्हरीवर पुतणी नाराज होती. पार्सल परत आलं की जाण्या-येण्याचं भाडं आपल्या बोकांडी. खरं आहे. पण माळ मागवणाऱ्यांत म्हाताऱ्या बाया पुष्कळ. त्यांच्याकडे फोन असतो, ओटीपी मात्र मुलगा घरी आल्यावर दिसतो. त्यांना आधी पैसे भरा म्हणायचं म्हणजे दार लावून घ्यायचं. इथे आधी हात सैल करण्याची ऐपत माझी आहे, त्यांची नाही. कमी किमतीच्या मालाला ही वाट उघडी ठेवली.

कॉलेजात कांट शिकत असताना १७८५च्या त्याच्या ग्रंथातला दुकानदार माझ्या मनात घर करून राहिला. तो लहान मुलालाही जास्त भाव लावत नाही. कांट विचारतो, का लावत नाही? धंदा टिकावा म्हणून असेल, तर वागणं बरोबर आहे, पण त्यात नैतिक मोल नाही. गेटवेने आम्हा सगळ्यांना तो दुकानदार करून टाकलं, असं म्हणता येईल. फसवलं तर खातं बंद होतं, म्हणून फसवत नाही. सद्‌गुणाला जागाच उरली नाही, मग धर्म कुठे राहिला?

कांटचा आक्षेप मला बिनतोड वाटत नाही, आणि त्याचं कारण वारकरी पंथात आहे. इथे आधी मन शुद्ध करून ये असं कोणी म्हणत नाही. माळ घाल, एकादशी धर, हरिपाठ म्हण, वारी चुकवू नको. नेम आधी, भाव मागून. नेमाने वागता वागता माणूस आतून बदलतो, अशी ही धारणा. सक्तीने का होईना, पण वर्षानुवर्षं वेळेवर माल पाठवणाऱ्या हाताला हळूहळू तसंच वळण लागतं. नियम सद्‌गुणाची जागा घेत नाही, त्याच्या पोटी सद्‌गुण वाढू शकतो. वाढेलच याची हमी मात्र नाही, आणि कांटचं बोट नेमकं तिथे आहे.

ही हमी का नाही, हे गेटवेचा अर्ज भरताना दिसलं. व्यवसायाचा प्रकार, पॅन, बँक खातं, आणि साइटवर परताव्याचं धोरण हवंच. पुतणीने विचारलं, “काका, माळ परत घ्यायची का?” न घातलेली घेऊ, मी म्हणालो. घातलेली माळ परत करायची तर नेम मोडावा लागतो, तो व्यवहार आपल्या अखत्यारीतला नाही. ती हसली, पण धोरणात हे वाक्य तिने जवळजवळ तसंच लिहिलं. अर्जात पुष्कळ रकाने होते. माळ खरोखर तुळशीचीच आहे का, हे विचारणारा रकाना कुठेच नव्हता.

आमच्या धंद्यातलं खरं ठिकाण तेच आहे. पंढरपुरात काशीकापडी समाजातली घरं पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या काष्ठाचे मणी घडवत आली. बाजारात दुसऱ्या लाकडाचे, यंत्रावर कातलेले मणीही तुळशीचे म्हणून विकले जातात, आणि फोटोत फरक कळत नाही. दुकानात माणूस निदान हातात घेऊन पाहतो. साइटवर त्याला माझ्या शब्दाखेरीज काही नाही. पैसा खरा की खोटा हे पाहायला बँक आहे, ओटीपी आहे, रिझर्व्ह बँक आहे. १०८ मणी खरे की खोटे हे पाहायला मी एकटा. गेटवेने माझ्यावरचा पैशाचा संशय काढून घेतला, त्यामुळे उरलेली जबाबदारी हलकी झाली नाही, उलट ती झाकायला काही राहिलं नाही.

म्हणून दामाजींचा न्याय इथेही लावायचा ठरवलं. क्यूआर कोड गल्ल्यावर राहिला, कारण तिथे गिऱ्हाइकाच्या हातात माळ असते. साइटवर गेटवे आणि डिलिव्हरीवर रोख. शिवाय पुतणीला सांगितलं, की पावतीवर नुसती रक्कम नको. कोणत्या लाकडाची माळ, मणी हाताने घडवलेले की यंत्रावर, कोणत्या घरातून घेतली, हे छापायचं, खाली माझी सही. “काका, उद्या कोणी हाच कागद घेऊन भांडायला येईल,” ती म्हणाली. त्यासाठीच तो द्यायचा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं अनोळखी माणसाला सांगण्याचा हक्क मला तेव्हाच मिळतो, जेव्हा तो शब्द माझ्याविरुद्ध वापरण्याची सोय मी आधीच त्याच्या हाती दिलेली असते.