वारस लावताना

श्रीरामपूर, राहाता आणि कोपरगाव या तालुक्यांत आजोबांच्या वडिलांचं नाव ठाऊक असणं ही फक्त घरच्या आठवणीची बाब राहिलेली नाही. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांचं पाणी आलं आणि गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या हजारो एकर जमिनी खासगी साखर कंपन्यांनी उसासाठी खंडाने घेतल्या. 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, कंपन्यांच्या ताब्यातली जमीन सरकारकडे गेली आणि 1963 मध्ये स्थापन झालेलं शेती महामंडळ ती कसू लागलं. जमीन खंडाने देणारा मूळ मालक मात्र बांधाबाहेरच राहिला. मोर्चे, कोर्टकचेऱ्या, कायद्यातल्या दुरुस्त्या असं सगळं होऊन या मूळ मालकांना, म्हणजे खंडकऱ्यांना, जमिनीचं वाटप सुरू झालं ते 2012 च्या सुमारास. खंडाच्या कागदावर अंगठा उठवणारा माणूस तोवर कधीच गेला होता. त्याच्या एका नावामागे नातू, पणतू, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या नाती, निपुत्रिक चुलता, दत्तक गेलेला भाऊ असं अख्खं घराणं उभं होतं, आणि प्रत्येकाला मूळ नावापर्यंतची आपली वाट कागदावर दाखवायची होती.

नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने आपला पूर्वज शोधायला सुरुवात केली की ती बहुधा अशीच होते, म्हणजे कशावर तरी हक्क सांगण्यासाठी. त्याला कागद सापडतात तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी गरजेपोटी लिहिलेले असतात. सारा वसूल करणाऱ्याने लिहिले, सावकाराने लिहिले, वतनावरून भांडणाऱ्या भाऊबंदांनी लिहवून घेतले. घराण्याची आठवण जपावी म्हणून गावात कुणी दप्तर ठेवलं नव्हतं. म्हणून या कागदांत कोण सापडतं यापेक्षा कोण सापडत नाही हे जास्त काळजीने पाहायला हवं.

शोधाची वाट साधारण ठरलेली आहे. सातबारा हातात असतोच. त्यावरच्या फेरफार क्रमांकावरून गाव नमुना सहाच्या नोंदवहीत जायचं आणि वारसाची नोंद वाचायची: अमुक तारखेस मयत, मागे वारस इतके. तिथून एकेक फेरफार मागे सरकत हक्कनोंदणीपर्यंत पोचायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे ही साखळी धड असेल तर चार-पाच पिढ्या सहज मिळतात. मध्ये एकत्रीकरण योजना आडवी येते. तिने जुने सर्व्हे नंबर मोडून गट पाडले, म्हणून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा उतारा आधी काढावा लागतो. नंबर जुळला तरी नावं चकवतात. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत असल्याने ‘तुकाराम वलद भिवा’, म्हणजे भिवाचा मुलगा तुकाराम, आणि ‘भिवा वलद तुकाराम’ आलटून पालटून येत राहतात आणि आडनाव तर अनेकदा लिहिलेलंच नसतं. आजोबा कोणता आणि नातू कोणता हे मग तारखांवरून आणि शेजारच्या शेतकऱ्यांच्या नावांवरून ठरवायचं.

त्याहून मागे गेलं की लिपी बदलते. मोडी वाचणारी माणसं जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यापुरती आणि पुढे सगळ्या राज्यासाठी, आणि तहसील कचेऱ्यांतले रुमाल सुटू लागले. कुणबी ही जात 1967 पूर्वीच्या कोणत्या कागदावर लिहिलेली आहे याचा तो शोध होता. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख मानली जाते. त्याआधीचा पुरावा बहुधा शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात आणि गाव नमुना चौदात, म्हणजे गावकरी ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या वहीत सापडतो. राज्यभरातून लाखो नोंदी निघाल्या. चौथी नापास झालेल्या आजोबांचं शाळेतलं एक पान नातवाच्या शिक्षणाचा खर्च ठरवू लागलं.

मात्र खरा खजिना इंग्रजी मोजणीच्या आधीचा आहे आणि त्याच्याकडे कुणाचंच फारसं लक्ष नाही. दख्खनच्या गावांत शेतजमीन थळांत वाटलेली असे. थळाला ते पहिल्यांदा वहितीला आणणाऱ्या घराण्याचं नाव असे आणि त्याचा तपशील थळझाड्यात लिहिलेला असे. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने 1830 च्या दशकात या व्यवस्थेवर लिहिलं. एखादं घराणं दुष्काळात, रोगराईत किंवा लढाईत संपलं, की त्याच्या जमिनीवर ‘गतकुळ’ असा शेरा पडे. नाव थळाला तसंच राही, कसणारा दुसराच असे. 1630 ते 1632 च्या महादुष्काळाने निजामशाहीचा मुलूख उजाड केला होता, हे लक्षात घेतलं तर ‘गतकुळ’ या एका शब्दामागे काय काय गेलं असेल याचा अंदाज येतो. ज्यांचे वारसच राहिले नाहीत त्यांची आठवण ठेवणारा हा सरकारी कागद आहे. 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात सुरू केलेली मोजणीची पद्धत पुढे नगरकडेही आली, शेतांना नंबर पडले आणि थळांची नावं व्यवहारातून हळूहळू मिटली.

वतनाच्या भांडणांतून निघालेले कागद तर वाचायला बसलं की उठवत नाही. पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढे आला की दोन्ही पक्ष आपापला करीना मांडत: मूळपुरुष कुठून आला, गावकुसाची जागा कुणी आखली, दुष्काळात कोण परागंदा झालं, मागे राहिलेल्या भावाने शिक्का कसा आपल्याकडे घेतला. निवाड्याचा महजर होई. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून छापायला घेतलेल्या साधनांच्या खंडांत आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात हा ऐवज आहे. त्यातलं सगळं खरं मानायचं कारण नाही, कारण दोघांपैकी एक तरी खोटं बोलत असणारच. तरी सूर्यवंशापासून सुरुवात करणाऱ्या भाटाच्या वहीपेक्षा करीन्याचं मोल अधिक आहे. भाट यजमानाला आवडेल ते वाचतो. करीन्यातलं प्रत्येक वाक्य प्रतिपक्ष तिथल्या तिथे खोडायला बसलेला असे.

पण थळ असो की पाटीलकी, हे सगळं मिरासदारांचं, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेल्यांचं. उपरी म्हणून आला, दहा वर्षं जमीन कसून पुढच्या गावाला गेला, त्याचं नाव फार तर एका वर्षाच्या वसुलात लागे. अशा माणसाच्या नातवाला आपली पाळंमुळं कोणत्या तालुक्यात शोधावीत हेही सांगता येत नाही. जमीन असलेल्याला खोल वंशावळ आणि नसलेल्याला उथळ, हा भेद कागदाने केलेला आहे. पुढे कूळकायद्याने तो थोडा कमी केला. 1 एप्रिल 1957 च्या कृषिदिनानंतर अनेक घरांचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून पहिल्यांदा चढलं, आणि त्यांचा लेखी इतिहास तिथूनच सुरू होतो.

कर्जाच्या कागदांची गोष्ट वेगळी आहे. 1875 च्या मे महिन्यात सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली आणि ते लोण पारनेर, श्रीगोंद्याकडे पसरलं. त्यातून आलेला 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे अशी त्यात तरतूद होती. म्हणजे ज्या कागदांना शेतकरी भीत होते, त्याच कागदांच्या सरकारी नोंदींतून आज त्यांच्या पणतूंना पणजोबांचा ठावठिकाणा लागू शकतो.

गावकुसाबाहेरच्या वस्तीची नोंद आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. महार वतनाच्या कागदांत भाऊबंदांची नावं येतात, कारण गावकामाची पाळी कुणाची हे सरकारला ठरवायचं असे. 1958 च्या कायद्याने हे वतन संपलं. दुसरं ठिकाण चर्चचं. 1831 मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पाळकांनी नेवासा, राहुरी, पारनेरच्या खेड्यांत बाप्तिस्मे दिले आणि त्यांची नोंद ठेवली. महसुलाच्या वहीला ज्या बाळाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याचा आणि त्याच्या आईबापांचा उल्लेख अशा नोंदींत मिळतो. भटक्यांच्या वाट्याला तेही आलं नाही. गुन्हेगार जमाती कायद्याची नोंद ज्यांना चिकटली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांचा लेखी उल्लेख पोलिसांच्या हजेरीतच असायचा. 31 ऑगस्ट 1952 ला ते विमुक्त झाले. त्यांच्या मुलांकडे आज जातीच्या दाखल्यासाठी 1961 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा सरकार स्वतः कधी न लिहिलेला कागद त्यांच्याकडे मागत असतं. हा अन्याय आहे आणि गृहचौकशी, शेजाऱ्यांचे जबाब, पालाच्या मुक्कामांची माहिती यांना कागदाइतकं वजन दिल्याशिवाय तो मिटणार नाही.

बाईचं नाव कागदावर येतं ते नवरा गेल्यावर. ‘सगुणा कोम तुकाराम’, म्हणजे तुकारामाची बायको सगुणा, अशी विधवा वारस म्हणून लागते, अज्ञान मुलाची पालनकर्ती होते, मुलगा सज्ञान झाला की मागे पडते. तिचं माहेर कुठलं, बापाचं नाव काय, याचा पत्ता तिथे नसतो. त्यामुळे नगर जिल्ह्यातली बहुतेक वंशावळ निम्मीच आहे. मुलींची नावं अलीकडे वारसांत लागतात, पण पुढच्याच फेरफारात हक्कसोड दिसते. साडीचोळीवर सही घेतली की बहीण कागदावरून उतरली. खंडकऱ्यांच्या वाटपात जुने वारस काढताना अशा उतरलेल्या बहिणींची लेकरं पुन्हा समोर येणं अटळ होतं.

मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दोन निर्णय काही दिवसांच्या अंतराने घेतले. एका निर्णयाने जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळालं, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या पाटलांच्या लेकीचं. दुसऱ्याने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवून दिला. पुढच्या शतकात या जिल्ह्यात कुणी वारस लावायला बसेल तेव्हा आईकडची निदान पहिली पायरी त्याला सापडेल.

मागच्या पायऱ्यांसाठी मात्र काम उरलं आहे. समितीच्या शोधात पानं उलटली गेली ती एक जात शोधण्यासाठी. त्याच पानांवर धनगर, माळी, महार, मांग, मुसलमान, वडार, सुतार यांच्या घरचे जन्म आणि मृत्यू ओळीत लिहिलेले आहेत. मोडी वाचणारी माणसं मोठ्या कष्टाने जमवली आहेत, स्कॅनरही कचेरीत आले आहेत. रुमाल पुन्हा बांधून फडताळात टाकण्याआधी प्रत्येक गावाच्या प्रत्येक वहीतल्या सगळ्या नावांची सूची त्यांच्याकडून करून घेता येईल, आणि ती ग्रामपंचायतीत कुणालाही पाहता येईल अशी ठेवता येईल. कोतवाल बुकाचा कागद दरवर्षी ठिसूळ होतो आहे, आणि पारनेरच्या कोरड्या हवेपेक्षा अकोले तालुक्याच्या पावसाळी पट्ट्यात त्याची दैना आधी होणार आहे, तेव्हा सुरुवात तिकडूनच व्हावी.