सव्वा रुपयातली पावली



३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणं आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने चलनातून काढली. आदल्या दिवसापर्यंत बँकेत बदलून मिळत होती, मग तीही सोय संपली. त्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात ती कुणी घेत नव्हतं, त्यामुळे फारसं कुणाला काही वाटलं नाही. आमच्या इंदूरला तर 'चवन्नी' हा शब्द नाण्यापेक्षा जास्त जगला. आता मला सांगा, नाणं बंद झालं म्हणजे तेवढं देणंही बंद झालं का? मी कुणाचे पंचवीस पैसे लागते, आणि पंचवीस पैसे कुठे मिळतच नाहीत, तर मी मोकळी झाले का?

प्रश्न पोरकट वाटेल. पण गेल्या महिन्यात आपल्या गटावर जुन्या नाण्यांचे फोटो फिरले, प्रत्येकाने आपापली आठवण लिहिली, तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आठवणी माझ्याही आहेत हो. एक पैसा चौकोनी, दोन पैशांना पाकळ्या, तीन पैसे षटकोनी, पाच पैसे पुन्हा चौकोनी, दहा पैसे मोठं आणि पाकळ्यांचं. सगळी अॅल्युमिनियमची. इतकी हलकी की हौदाच्या पाण्यावर एक पैसा अगदी अलगद आडवा ठेवला तर तरंगायचा! जरा बोट लागलं की बुडला, मग तो काढायला बाही खांद्यापर्यंत वर. डोळे मिटून नुसत्या बोटांनी नाणं ओळखायचा खेळ आम्ही भावंडं खेळायचो, आणि आकार वेगवेगळे असल्यामुळे धाकटासुद्धा जिंकायचा. मल्हारगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाच पैशांत शेवेची पुडी मिळायची, दोन पैशांत लिमलेटच्या गोळ्या. वीस पैशांचं एक पिवळंधमक नाणं होतं, कमळाचं. ते आजीने कधी खर्चूच दिलं नाही. लक्ष्मीपूजनाला ताटात यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत डबीत.

या आठवणी सांगताना आपण 'पाच पैशांत काय काय यायचं' असं हसत हसत म्हणतो. ज्याच्या मुठीत तेवढंच नाणं होतं त्याला ते सुटं नव्हतं, ती त्याची पुंजी होती. हे विसरलं की पुढचं सगळं नीट कळत नाही.

माझ्या आजीची एक गोष्ट घरात नेहमी सांगितली जाते. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. आता शंभर नवे पैसे. म्हणजे एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला, आणि सव्वासहा पैसे कुणी द्यायचे कसे? म्हणून सरकारने तक्ता काढला. अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडायचा, जास्त असेल तर पूर्ण धरायचा. एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस.

आजी रोज एका मालवी बाईकडून एक आण्याची भाजी घ्यायची. तक्त्याप्रमाणे सहा पैसे दिले की व्यवहार पुरा. पण चार दिवसांचे होतात चोवीस, आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे दर चार दिवसांनी त्या बाईचा एक पैसा आजीच्या घरात राहणार. आजीने पहिल्याच आठवड्यात हे धरलं आणि दर चौथ्या दिवशी सात पैसे द्यायला लागली. आजोबा म्हणाले, "अगं, कायद्यानेच सहा ठरलेत." आजीचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ आहे. "तिला तक्ता वाचता येत नाही, मला येतो."

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की आजीने त्या बाईला गरीब म्हणून पैसा दिला नाही. दान दिलं असतं तर वरून दोन पैसे जास्त दिले असते आणि पुण्य पदरात घेतलं असतं. तिने तिचा होता तो दिला, आणि गप्प राहिली. भाजीवालीला कधी कळलं का, कोण जाणे.

आपल्यापैकी हैदराबादच्या घरांत असंच हाली सिक्क्याचं ऐकायला मिळतं, सात हाली म्हणजे सहा कलदार. गोव्याच्या मंडळींनी तर थोड्या वर्षांत तीन तऱ्हा पाहिल्या. आधी रुपिया आणि टांगे, मग एस्कुदो, आणि १९६१ नंतर आपला रुपया. प्रत्येक बदलात कुठेतरी कुणाचा तरी पाव पैसा अधांतरी राहिलाच असणार. तिथल्या आज्यांनी काय केलं, ते कुणी लिहून पाठवलं तर वाचायला आवडेल.

माझे वडील बँकेत होते. तेव्हा सगळं हाताने. दिवसअखेर खतावणी जुळली नाही तर घरी यायचं नाही, मग फरक पाच पैशांचा का असेना. कित्येकदा रात्री नऊ-नऊ वाजायचे. आई चिडायची, "खिशातले पाच पैसे टाका आणि या ना!" वडील म्हणायचे, फरक पाच पैशांचा दिसतो म्हणून चूक पाच पैशांची असते असं नाही. एकीकडे शंभर रुपये जास्त आणि दुसरीकडे शंभर रुपये पाच पैसे कमी, असं असलं तरी वर पाचच पैसे दिसतात. फरक नऊने भागला गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, पंचेचाळीसचे चोपन्न झालेत का ते बघायचं. खिशातून पैसे टाकले तर आकडे जुळतात, पण चूक तिथेच बसून राहते आणि वर झाकण लागतं.

नाथमहाराजांची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या कचेरीत एका पैची चूक सापडत नव्हती, रात्र गेली, शेवटी सापडली आणि एकनाथांनी आनंदाने टाळी वाजवली. एका पैच्या शोधात एवढी एकाग्रता, तर ती परमार्थाकडे वळली तर काय होईल, असं पुढे सांगितलं जातं, आणि ते खरंच आहे. पण वडिलांना रात्री जेवताना पाहिलेल्या मला त्या गोष्टीतली पैही दिसते. ती एक पै जनार्दनस्वामींच्या खजिन्यातली होती, नाथांच्या खिशातली नव्हती. म्हणून ती 'जाऊ दे' म्हणता येत नव्हती.

इथे कुणी म्हणेल, ताई, एवढं काटेकोर राहून माणूस रुक्ष होतो. पन्नास पैशांसाठी दुकानात हुज्जत घालणारा मलाही आवडत नाही. आणि सरकारचंही खोटं नाही, नाणं पाडायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च यायला लागला तर ते पाडायचं कशाला? सोडून देता येणं ही मोठीच गोष्ट आहे. मग तुकाराममहाराजांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती काय होती?

त्या कथेतला एक भाग आपण घाईत ओलांडून जातो. महाराजांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा, त्याच्या वाटणीची अर्धी त्याला दिली, आणि फक्त आपल्या वाटणीची बुडवली. घरातला वडीलभाऊ, सगळी बुडवली असती तरी कोण विचारणार होतं? पण भावाचं येणं सोडून देण्याचा अधिकार आपला नाही, हे त्यांनी पाळलं. माझ्या पन्नास पैशांवर मी पाणी सोडू शकते. तुमच्या पन्नास पैशांवर मी पाणी सोडलं तर त्याला औदार्य म्हणत नाहीत.

आणि रोज होतं काय? किराण्याच्या दुकानात बिल होतं सत्तेचाळीस पन्नास. दुकानदार म्हणतो, "दीदी, खुल्ले नहीं हैं," आणि एक टॉफी पुढे सरकवतो. टॉफी मी मागितली नव्हती, आणि तीत त्याचा नफा आहे. समजा दिवसाला शंभर गिऱ्हाईक आणि प्रत्येकाचे पन्नास पैसे, तर रोजचे पन्नास रुपये, तीनशे दिवसांचे पंधरा हजार. गंमत म्हणजे पन्नास पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं. एका वेळी दहा रुपयांपर्यंत ते देता येतं, तरी कुणी घेत नाही. भाजीवाली बाई सुटे नसले की वर चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर टाकते. ते मला चालतं, कारण तिथे ती तिच्या पदरचं देते आणि माझ्याकडे बघून देते, माझी मान हलली की हिशोब संपतो. सगळे दुकानदार वाईट, असं मला म्हणायचं नाही. आमच्या गल्लीत एक जण वहीत लिहून ठेवतो आणि पुढच्या खेपेला आपणहून वजा करतो.

बेळगावला मावशीकडे जायचो तेव्हा बसचा कंडक्टर सुटे नसले की तिकिटाच्या मागे पेनाने बाकी लिहून द्यायचा, उतरताना मागून घ्यायची. कितीतरी माणसं झोपेत उतरून जायची. पण तो आकडा लिहिलेला असायचा! 'मी तुझं इतकं देणं लागतो' हे एका सरकारी नोकराने एका अनोळखी पोराला लिहून दिलेलं. ते तिकीट मुठीत घट्ट धरून बसलेली मी मला अजून दिसते, खिडकीबाहेर बघायचंही सुचायचं नाही.

आता तर नाण्याची सबबही उरलेली नाही. मोबाईलवरून सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे बरोबर तेवढेच जातात. खिशातून गेलेला पैसा फोनमध्ये परत आलाय. तरी फोनवरून देतानाही "अठ्ठेचाळीस कर दो" ऐकू येतं, आणि आपणही करून टाकतो. आपल्या मासिक महाप्रसादाची वर्गणी गोळा होते तेव्हा 'वरचे पैसे राहू द्या' असं सहज बोललं जातं. देणाऱ्याने म्हटलं तर छानच. घेणाऱ्याने म्हणू नये, एवढं मला वाटतं.

पावली गेल्याचा एक परिणाम कुणी फारसा बोलत नाही. सव्वा रुपया गेला. पूजेत विड्यावर सव्वा रुपया, नारळावर सव्वा रुपया, नवस सव्वा रुपयाचा. ज्याला अकरा आणि एक्कावन्न परवडत नसत, त्याच्यासाठीही एक पूर्ण रक्कम होती, कमीपणा न वाटणारी. रुपया म्हणजे पुरतं दिलं, आणि वरची पावली म्हणजे थोडं पुढचंही, असं आजी समजावायची. आज रोखीत सव्वा रुपया देताच येत नाही. मोठ्या माणसांनी सव्वाशे केले, सव्वा हजार केले, त्यांचं भागलं.

आमच्याकडे दर गुरुवारी आरतीला एक आजी येतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या तीन गुरुवार ताटात काहीच टाकत नाहीत, नुसता हात जोडतात. चौथ्या गुरुवारी पाचचं नाणं टाकतात. नव्याने आलेल्या एका मुलीने सांगितलं, "आजी, त्यापेक्षा दर वेळी एक रुपया टाका की, सोपं जाईल." आजी म्हणाल्या, "मग माझी पावली राहते ना, बाळा."

मागे एका महिन्यात पाच गुरुवार आले होते. मी मुद्दाम पाहिलं. पाचव्या गुरुवारी त्यांनी हात जोडले, आणि बोटांवर एक मोजला.